गाडी जप्त केली, पण वेल्डिंग कोण तपासणार?

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर लाइक करून पुढे जा, आपला राग नाही. पण ज्यांच्या घरी अठरा ते पंचवीस वयाचं पोट्टं आहे आणि त्याचा दिवस गॅरेजमध्ये जातो, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या शहरात एक नाटक ठरलेलं आहे. रात्री रिंग रोडवर नाही तर फुटाळ्याकडे गाडी गोल गोल फिरवतानाची रील येते. टायरचा धूर, मागे गाणं. दोन दिवसांनी पोलिसांची प्रेस नोट. मग जप्त गाडीसमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या पोराचा फोटो. त्याखाली पाचशे कॉमेंट, त्यातल्या चारशे "याला चौकात ठोका" अशा. आठवड्यात सगळं थंड. पुढच्या महिन्यात नवी रील.

वीस वर्षं झाली या शहरात बातम्या लिहून. त्या फोटोतल्या गाडीखाली वाकून पाहणारा माणूस मला अजून दिसला नाही. पोलीस नंबर प्लेट बघतात, काळी काच बघतात, सायलेन्सर बघतात. सायलेन्सरवर रोलर फिरवला की टीव्हीवाल्यांना व्हिज्युअल मिळतं. पण ज्याच्यावर माणसाचा जीव लटकलेला असतो तो भाग चाकाच्या आत असतो, आवाज करत नाही आणि फोटोत येत नाही. गॅरेजमध्ये त्याला लोअर आर्म म्हणतात. पुस्तकात कंट्रोल आर्म.

आता जरा समजून घेऊ, नाहीतर भांडण कशावर आहे तेच कळणार नाही.

ड्रिफ्ट म्हणजे गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि पुढची चाकं उलट्या दिशेला वळवून गाडी आडवी-आडवी चालवायची. त्यासाठी पुढचं चाक खूप वळावं लागतं. आपल्या रोजच्या गाडीचं चाक साधारण ३५ ते ४० अंश वळतं. ड्रिफ्टच्या गाडीला ६० किंवा त्याहून जास्त लागतं. तेवढं वळवायला गेलं की टायर आर्मला घासतो, चासीला घासतो, अँटी-रोल बारला अडतो. म्हणून आर्म लांब करतात, चाक बाहेर काढतात, टायरला जागा मिळावी म्हणून आर्मला बाक देतात. चाक ज्या लोखंडी गाठीवर बसतं, ज्याला मिस्त्री नकल म्हणतात, तीही बदलतात.

ऐकायला सोपं. इथूनच भानगड सुरू होते.

आर्म इंचभर लांब केला तर चाकाचा खालचा भाग बाहेर जातो आणि चाक तिरकं उभं राहतं. टाय रॉड तेवढाच ठेवला तर टो बिघडतो. गाडी खाली बसवली असेल तर आर्म उलटा वर चढतो, आणि वळणावर गाडी जास्त कलते. चाक जास्त वळवलं की टाय रॉड आणि नकलचा दांडा एका रेषेत यायला लागतात. फोल्डिंगच्या खाटेचा पाय सरळ झाला की कसा लॉक बसतो? तसंच. चाक त्या रेषेपलीकडे गेलं की परतच येत नाही. स्टिअरिंग हातात, आणि चाक स्वतःच्या मर्जीचं. म्हणजे एक आर्म बदलला तर पाच गोष्टींचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब म्हणजेच डिझाइन. बाकी नुसतं कापणं आणि जोडणं.

आता जोर किती येतो ते बघू. ड्रायव्हर धरून १२०० किलोची गाडी घ्या. कडक ब्रेक मारला की पुढच्या एका चाकावर ४५० किलोच्या आसपास भार येतो. चांगल्या डांबरावर टायरची पकडही जवळपास तेवढीच, म्हणजे जमीन त्या चाकाला ४५० किलोच्या जोराने मागे ओढते. हा जोर लागतो जमिनीवर. आर्मचा बॉल जॉइंट जमिनीपासून समजा १५ सेंटीमीटर वर, आणि शॉकअपचा माथा ७५ सेंटीमीटर वर. शाळेतला तरफेचा नियम लावा: आर्मवर ४५० नाही, साडेपाचशे किलोच्या वर जोर येतो. ही झाली सपाट रस्त्याची गोष्ट. आपल्या पावसाळ्यातला एक खड्डा या आकड्याला किती पटीने वाढवेल ते नागपूरकरांना मी सांगायला नको. तीन पट धरला तरी पावणेदोन टनाच्या घरात जातो. हे सगळं दीड इंची पाइपच्या एका वेल्डिंगवर.

मागच्या वर्षी वाडीच्या बाजूला एका शेडमध्ये असा आर्म हातात घेऊन पाहिला. पोट्टं हुशार, आयटीआय केलेलं, हातात कसब आहे. सेकंडहँड जर्मन गाडी चार जणांनी वर्गणी करून घेतलेली. कंपनीचा आर्म मधून कापला, मध्ये काळ्या पाइपचा तुकडा घातला, को-टू मशीनने जोडला, वर ग्राइंडर मारून लाल रंग. दिसायला एकदम इंपोर्टेड. मी विचारलं, "काहून रे, किती लोड धरला?" तो म्हणाला, "भाऊ, लोड कशाचा धरायचा? मजबूत आहे. हातोड्याने मारून पाहिला."

हातोडा.

त्या पोराला मी शिव्या देणार नाही. पण त्याला कोणी सांगितलं नाही की कंपनीचा आर्म ठोकून घडवलेला असतो, बऱ्याचदा त्यावर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते, आणि वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या शेजारचा धातू पहिल्यासारखा राहत नाही. तुटतं ते बऱ्याचदा वेल्डवर नाही, वेल्डच्या कडेला. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलं की जोड पातळ होतो आणि आतली पोकळी रंगाखाली झाकली जाते. बाहेरदेशी हे काम करणारे क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाचा पाइप घेतात, आर्गनवर जोडतात, आणि जोड नीट बसावा म्हणून पाइपचं तोंड आधी माशाच्या तोंडासारखं कापतात. टोकाला रोड एंड लावला तर त्याच्या आट्यांवर वाकवणारा जोर येऊ नये याची काळजी घेतात, कारण आटे ओढायला मजबूत आणि वाकायला एकदम कच्चे. यात गुपित काही नाही. फक्त कोणीतरी शिकवायला पाहिजे, कोणीतरी तपासायला पाहिजे.

आता कायद्याकडे येऊ.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी नोंदवली त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं.

माझं मत विचाराल तर कायदा रस्त्यापुरता बरोबर आहे. ज्या रस्त्यावरून माझी मुलगी स्कूटीवर ट्यूशनला जाते, तिथे हातोड्याने पास केलेला आर्म नको. त्यावर वाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुल्यावर भरधाव मर्सिडीजने दोन तरुणांचा जीव घेतला, ते हे शहर विसरलेलं नाही. ती गाडी कोणी शेडमध्ये कापलेली नव्हती, पण मोठी गाडी आणि मोकळा रस्ता म्हणजे आपल्या बापाचा, ही जी वृत्ती आहे तिला माझ्याकडून माफी नाही. रिंग रोडवर ड्रिफ्ट करणाऱ्याची गाडी जप्त व्हायलाच पाहिजे. लायसन्सही गेलं पाहिजे.

माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. "रस्त्यावर नाही" म्हटल्यावर "मग कुठे" हे कोणी सांगत नाही.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक दार ठेवलं आहे. गाडीतल्या बदलांसाठी मानकं, मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं असं तिथे लिहिलं आहे. सीएनजी किटला मंजुरीची पद्धत आहे की नाही? आहे. किट तपासलेलं, बसवणारा अधिकृत, आरसीवर नोंद. म्हणजे स्फोटक गॅसची टाकी डिकीत बसवायला रीतसर वाट आहे, आणि पोलादाचा एक दांडा तपासून घ्यायला नाही. जर्मनीत ट्युफ नावाची तपासणी व्यवस्था आहे. बदललेला भाग घेऊन जा, कागद दाखवा, तपासून घ्या, नोंद करून घ्या. नापास झाला तर काढून टाका. जिथे ऑटोबानवर कित्येक ठिकाणी वेगमर्यादा नाही, तिथे "नाही" च्या ऐवजी "दाखवा" म्हणतात.

आणि जी गाडी रस्त्यावर आणायचीच नाही तिचं काय? फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी केलेलं खास वाहन कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन धरलं जात नाही. म्हणजे ट्रेलरवर टाकून न्या, कुंपणाच्या आत चालवा, ट्रेलरवर घरी आणा. कायद्याची अडचण नाही. अडचण कुंपणाची आहे. तसं आवार आहे कुठे?

कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. नागपूरहून प्रत्येक जागा हजार किलोमीटरच्या आगेमागे किंवा त्याच्याही पलीकडे. इंदूरजवळ पिथमपूरला सरकारने नॅट्रॅक्स उभारलं, २०२१ मध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं. फार चांगली गोष्ट, पण ती कंपन्यांच्या गाड्या तपासण्याची जागा आहे, वाडीच्या पोट्ट्याची नाही.

लगेच कोणी म्हणेल, बसा आता, रेस ट्रॅक मागायला लागला पत्रकार. नाही राजेहो. रेस ट्रॅक नको. शंभर बाय दीडशे मीटरची सपाट डांबरी जागा पाहिजे. पावणेचार एकर. भोवती टायरची भिंत, गेटवर एक अँब्युलन्स, दोन अग्निशामक सिलिंडर. इंजिनीअरिंगच्या पोरांच्या फॉर्म्युला स्पर्धेत गाडीची वळणावरची पकड मोजायला आठाच्या आकड्यासारखा जो स्किडपॅड आखतात, त्याच्या आतल्या वर्तुळाचा व्यास फक्त १५.२५ मीटर असतो. एवढ्याशा जागेत आर्मचं डिझाइन बरोबर की चूक ते कळतं. मिहानमध्ये, हिंगण्यात, बुटीबोरीत मिळून इतकी जमीन वर्षानुवर्षं गवत खात पडली आहे. पावणेचार एकर म्हणजे काय मोठं मागितलं?

स्पर्धेचा विषय निघाला म्हणून सांगतो. बाहा २००७ पासून, सुप्रा २०११ पासून, शिवाय फॉर्म्युला भारत. या स्पर्धांत पोरं स्वतः चासी बनवतात, आर्म डिझाइन करतात, सॉफ्टवेअरवर जोर लावून बघतात. आपल्या शहरातली पोरंही जातात. तिथे गाडी धावण्याआधी तपासणी होते, आणि ती कशी होते ते ऐका. फॉर्म्युला प्रकारच्या नियमांत असं आहे की रोड एंडचा बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असावा, नाहीतर बेअरिंगच्या भोकापेक्षा मोठा वॉशर लावलेला असावा. का? तर बेअरिंग फुटलं तरी आर्म निसटून हातात येऊ नये. एवढा बारीक विचार. वीस वर्षांचं पोरगं हे पाठ म्हणून दाखवतं. आणि तिथून पाच-दहा किलोमीटरवर त्याच वयाचं दुसरं पोरगं हातोड्याने आर्म पास करतं. एकाकडे नियमावली आहे, दुसऱ्याकडे हात आहे. दोघांची भेट घालून देणारं या शहरात कोणी नाही.

कॉलेजवाल्यांनो, तुमच्यावर जास्त राग आहे. स्पर्धेतून ट्रॉफी आली की तुमच्या बॅनरवर प्राचार्यांचा फोटो पोरांपेक्षा मोठा असतो. तुमच्या लॅबमध्ये युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन आहे, सळई धरून ओढून तोडते आणि किती टनाला तुटली ते सांगते. वर्षातून किती दिवस चालते? प्रॅक्टिकलच्या दिवशी, आणि तपासणीची कमिटी येणार असेल तेव्हा. महिन्यातला एक शनिवार ती लॅब गॅरेजवाल्यांसाठी उघडा. नाममात्र फी घ्या. पोरगं स्वतःचा आर्म घेऊन येईल, जिगमध्ये धरा, ओढा, त्याच्या डोळ्यांसमोर तुटू द्या. तडा शोधायला लाल रंग आणि पांढरी पावडर फवारायची पद्धत असते, ती दाखवा. हातोड्यावरचा विश्वास एका दुपारीत उतरेल. पोलिसांच्या दहा प्रेस नोटांनी जे होत नाही ते होईल.

आता मुख्य आक्षेप. "हे बड्या बापाच्या पोरांचे चोचले आहेत. शहरात पाणी नाही, नाल्या तुंबल्यात, आणि तुम्ही धूर काढायला जागा मागता."

नाल्यांवर मी लिहिलं आहे, पुढेही लिहिणार. पण हे फक्त बड्या बापाचं आहे हे चूक. गाडी बड्याची असेल, आर्म बनवणारा हात बड्याचा नसतो. तो लेथवाल्याचा, वेल्डरचा, डिप्लोमा करून बारा हजारावर बसलेल्या पोराचा असतो. आणि या हाताची जगात काय किंमत होऊ शकते? एस्टोनिया नावाचा देश आहे, रशियाच्या कडेला, बर्फातला. पूर्ण देशाची लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास. आपल्या नागपूर शहराची २०११ च्या जनगणनेत २४ लाख होती. त्या एवढ्याशा देशातली वाइजफॅब नावाची कंपनी ड्रिफ्ट गाड्यांचे कंट्रोल आर्म आणि नकल यांचे पूर्ण संच बनवते आणि जगभर विकते. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ड्रिफ्ट स्पर्धेत त्यांचे संच लावलेल्या गाड्या धावतात. पोलाद कापणं, वाकवणं, जोडणं, आणि त्याआधी हिशेब. एवढंच भांडवल.

आपल्याकडे काय कमी आहे? हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारी किती शेड आहेत मोजा. पोलाद आहे, लेथ आहे, वेल्डर आहे, व्हीएनआयटी आहे. वर केंद्रातलं रस्ते वाहतूक खातं २०१४ पासून आपल्याच खासदाराकडे आहे. गडकरीसाहेब, इथेनॉल, हायड्रोजन, उडणारी बस, सगळ्यावर आपण बोलता, आम्ही छापतो. कलम ५२ मधल्या त्या वाक्याखाली सस्पेन्शनच्या भागांसाठी तपासणीची पद्धत तयार करायला आपल्याच खात्याची सही लागते. दुसऱ्या कुणाच्या दारात जायला नको.

जपानचं उदाहरण सांगतो, कारण ड्रिफ्ट आला तिथून. तिथेही हे डोंगरातल्या घाटरस्त्यांवर रात्री चोरून सुरू झालं. केइची त्सुचिया हा माणूस अशा घाटात गाडी घसरवायला शिकला. पुढे तो ट्रॅकवर आला, १९९५ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात पहिला नंबर काढला. २००० नंतर जपानमध्ये ड्रिफ्टची रीतसर मालिका उभी राहिली, २००४ मध्ये अमेरिकेत. घाटातला सगळा प्रकार बंद झाला असं मी म्हणत नाही. पण ज्याला खरंच येतं त्याला जायला जागा झाली, आणि ज्याला येत नाही तो तपासणीच्या टेबलावरच उघडा पडायला लागला. आपल्याकडे दोघंही रिंग रोडवर असतात आणि पोलिसांना दोघांतला फरक कळायचं काही साधन नसतं.

कॉमेंटमध्ये कोणी तरी म्हणेलच, भाऊ तुम्ही स्टंटबाजांची वकिली करता. करा स्क्रीनशॉट. रस्त्यावर ड्रिफ्ट करणाऱ्याचं लायसन्स घ्या असं वर लिहिलं आहे, तेही त्यात येऊ द्या.

जागा, लॅब, नियम, हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या गाडीखाली कापून जोडलेला आर्म आहे, ते ही पोस्ट वाचत असतील हे मला माहीत आहे, काही जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत. दंडाचं सोडा, आज हे करा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर घ्या. चाक काढा. वेल्डच्या कडेचा रंग खरवडून काढा, वेल्ड नाही, कडेचा. तिथे केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर तो तडा आहे, गाडी तिथेच राहू द्या. रोड एंड असेल तर त्याचे आटे किती बाहेर दिसतात ते बघा, आत निदान बोल्टच्या जाडीच्या दीडपट गेलेले पाहिजेत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टाय रॉड आणि नकलचा दांडा एका रेषेच्या किती जवळ येतात ते बघा, दुसऱ्या कोणाला चाक हाताने ढकलायला सांगा. आणि कंपनीचा आर्म भंगारात दिला नसेल तर तो परत लावा. भंगारात दिला असेल तर नवीन घ्या, तुमच्या टायरच्या एका जोडीपेक्षा महाग पडणार नाही.